डिस्टेंपर मेंदूपर्यंत गेला : कुत्र्याला दाखल करायचं की घरी सांभाळायचं?

डिस्टेंपर हा कुत्र्यांचा विषाणूमुळे होणारा संसर्गजन्य आजार. त्याच्या विषाणूला थेट मारणारं औषध नाही. दवाखाना असो वा घर, करायचं तेच: फिट आटोक्यात ठेवायची, पोटात अन्नपाणी जाईल असं बघायचं, न्यूमोनिया झालाच तर अँटिबायोटिक द्यायचं. हे कुठे नीट जमेल, एवढंच ठरवायचं आहे.

त्याआधी एक सावधगिरी. लस न झालेलं कुत्रं लाळ गाळत असेल, चाल बिघडली असेल, तर रेबीजही असू शकतो. डॉक्टर बघेपर्यंत त्याच्या तोंडाजवळ हात नेऊ नका.

आता झटके आणि फिट यांतला फरक ओळखा. निर्णय त्यावरच आहे. झटक्यांत एखादा पाय किंवा जबडा ठरावीक लयीत उडत राहतो, झोपेतसुद्धा. पण कुत्रं शुद्धीवर असतं, हाक मारली की बघतं. फिटमध्ये बहुतेकदा शुद्ध हरपते, तोंड चघळल्यासारखं चालतं, फेस येतो, लघवी होते. फिट ५ मिनिटांत थांबली नाही किंवा २४ तासांत पुन्हा पुन्हा आली, तर दाखलच करा. फक्त आधी विचारा: रात्री माणूस असतो का, संसर्ग पसरू नये म्हणून वेगळी खोली आहे का? बऱ्याच दवाखान्यांत दोन्ही नसतं; तिथे फिट थांबवून घ्या, पण रात्रभर ठेवण्यात फारसा अर्थ उरत नाही.

नुसते झटके आहेत, खातंय, गिळतंय, तर घरच बरं. पण घरी मेहनत खूप. उठता न येणाऱ्या कुत्र्याची कूस दर ३-४ तासांनी बदला, नाहीतर जखमा होतात. भरवताना छाती उचलून धरा, आडवं असताना कधीच नको. लघवी अडली तर ती दाबून कशी काढायची ते डॉक्टरांकडून शिकून घ्या. फेनोबार्बिटोन (फिट रोखणारं औषध) सुरू असेल तर वेळ चुकवू नका आणि मनाने बंद करू नका. अचानक थांबवलं की फिट उसळते. घरात लस न झालेलं पिल्लू असेल तर मात्र दोघांना एकत्र ठेवू नका, कुत्रं बरं दिसू लागल्यावरही कित्येक आठवडे विषाणू बाहेर पडत राहू शकतो.

झटके बघून लगेच 'झोपवून टाका', म्हणजे इंजेक्शनने मरण द्या, म्हणणारे भेटतील. मला ते मुळीच पटत नाही. झटके बहुधा जन्मभर राहतात, पण अशी कुत्री खातात, फिरतात, शेपटी हलवतात. औषधं देऊनही फिट थांबत नाही, गिळता येत नाही, माणूस ओळखत नाही, अशा वेळी मात्र डॉक्टरांशी त्याबद्दल जरूर बोला.