गल्ला नसलेलं दुकान: न्यू जर्सीतली एक फूड पॅन्ट्री आणि तिथला सणाचा हंगाम

बार्शीला आमचं किराणा दुकान होतं. सासऱ्यांनी घातलेलं, आम्ही दोघांनी वाढवलेलं आणि गुडघे बोलायला लागल्यावर भाच्याच्या हवाली केलेलं. त्यामुळे कुठल्याही दुकानात शिरले की माझी नजर आधी फडताळाच्या खालच्या कप्प्याकडे जाते. धूळ किती, जुना माल पुढे आहे का, तराजू कुणाकडे तोंड करून ठेवलाय. इथे युनियन काउंटीत मुलाकडे राहायला आल्यावर सूनबाईंनी मला ज्या फूड पॅन्ट्रीत, म्हणजे गरजूंना फुकट अन्नधान्य देणाऱ्या ठिकाणी, नेलं, तिचाही हिशेब मी दुकान म्हणूनच मांडणार आहे. व्हॉलंटियरिंग करायला जावं का, असं आपल्या भारतीय दुकानांच्या ओक ट्री रोडवर भेटणाऱ्या बायका मला विचारतात, त्यांच्यासाठी हे सगळं.

जागा म्हणजे एका चर्चचं तळघर. उघडतं मंगळवारी संध्याकाळी आणि शनिवारी सकाळी. चर्चचं असलं तरी धर्माचं कुणी काही विचारत नाही, प्रार्थनेला बसवत नाही. नवा माणूस आला की नाव, पत्ता, घरात माणसं किती आणि कमाई साधारण किती एवढं लिहून घेतात. कमाईचा कागद मागत नाहीत, तो सांगेल ते लिहायचं. आपल्याकडे रेशनच्या रांगेत अंगठा उमटला नाही म्हणून परत गेलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यामुळे हे मला आधी पचलंच नाही. लोक खोटं बोलून नेतील की! व्यवस्थापक बाईंना विचारलं तर म्हणाल्या, थोडे नेतात. आणि पुढच्या कामाला लागल्या. उधारीची वही चालवलेल्या बाईला हे उत्तर कळतं. बुडवणारे थोडे असतात, आणि त्या थोड्यांपायी सगळ्यांना उभं-आडवं तपासत बसलं तर दुकान चालत नाही.

या दुकानाला पहिले गुण मी देते ते मांडणीचे. पुष्कळ पॅन्ट्र्यांत पिशव्या आधीच भरून ठेवतात आणि हातात देतात. घ्या नि निघा. इथे गिऱ्हाईक स्वतः ट्रॉली घेऊन फिरतं. घरातल्या माणसांच्या संख्येप्रमाणे रंगीत कार्ड मिळतं, आणि प्रत्येक फडताळावर लिहिलेलं असतं की या रंगाला कडधान्याचे दोन नग, त्या रंगाला चार. काय घ्यायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. याला जागा जास्त लागते, माणसं जास्त लागतात, पण माल वाया जात नाही. पिशवी भरून देणारीकडे रस्त्याच्या कोपऱ्यावर सोडून दिलेले डबे सापडतात, आमच्याकडे नाही. दुसरं म्हणजे माणूस निवडायला लागला की त्याची मान वर येते. एक आजी येतात, ग्वाटेमालाच्या. काळ्या घेवड्याचा पुडा उचलतात, उजेडाकडे धरतात, खडा-किडा बघतात, खाली ठेवतात, दुसरा उचलतात. आमच्या दुकानात अशा गिऱ्हाइकाला मी मनातल्या मनात शिव्या घालत असे. इथे त्यांच्यासाठी वाट अडवून उभी राहते, मागच्याने घाई करू नये म्हणून.

आता माल कुठून येतो ते सांगते, कारण बऱ्याच जणांना वाटतं की लोक घरातले चार डबे आणून देतात त्यावर हे सगळं चालतं. तसं नाही. फूड बँक म्हणजे घाऊक आणि पॅन्ट्री म्हणजे किरकोळ, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. आमच्या बाजूचं घाऊक गोदाम म्हणजे हिलसाइडची कम्युनिटी फूड बँक ऑफ न्यू जर्सी. १९७५ साली कॅथलीन डिकियारा नावाच्या बाईंनी स्वतःच्या गाडीतून धान्य पोचवायला सुरुवात केली, त्याचं आज एवढं मोठं झालंय. फूड बँक ही कल्पनाच मुळात ॲरिझोनातली. १९६७ मध्ये फीनिक्सला जॉन व्हॅन हेंगेल यांनी पहिली उघडली. गोदामातून सरकारी मालही येतो, डबाबंद फळं, टेट्रापॅकचं दूध, चीज. तिसरी वाट सुपरमार्केटची. तारीख जवळ आलेली भाजी, ब्रेड, दही ते देऊन टाकतात. १९९६ साली इथे कायदा झाला, की चांगल्या मनाने दिलेल्या अन्नापायी देणाऱ्याला कोर्टात खेचता येणार नाही. तेव्हापासून दुकानांचे हात मोकळे झाले.

आलेली प्रत्येक गोष्ट तोलतात. केळ्याच्या खोक्यात भरायची (पॅन्ट्रीचं सगळं जग केळ्याच्या खोक्यांवर उभं आहे, त्यांना दोन्ही बाजूंना हात घालायला भोकं असतात), काट्यावर ठेवायची आणि पौंडात लिहायची. वर कळवताना १.२ पौंड म्हणजे एक जेवण असा हिशेब धरतात, म्हणजे आपलं साधारण ५४५ ग्रॅम. सोड्याच्या बाटल्यांचं खोकं आलं तरी त्याची जेवणंच होतात. मापात पाप म्हणायचं नाही, पण हा हिशेब आमच्या मालकांनी ऐकला असता तर चहा सांडला असता.

नव्याने येणाऱ्यांची दोन ठिकाणी गडबड होते, ती आधीच सांगून ठेवते. एक, तारखा. डब्यावर ‘बेस्ट बाय’ अशी गेल्या महिन्याची तारीख दिसली की नवी मुलं डबा थेट कचऱ्यात टाकायला निघतात. ती तारीख चवीची असते, विषाची नव्हे. लहान बाळाच्या दुधाची पावडर सोडली तर या देशात कुठल्या खाण्यावर तारीख छापलीच पाहिजे असा केंद्राचा कायदाही नाही. पावडरीची तारीख गेली की मात्र ती फेकायचीच, तिथे दयामाया नाही. बाकी डबाबंद मका किंवा घेवडा नीट ठेवला तर वर्षानुवर्षं चांगला राहतो. टोमॅटो, अननस अशा आंबटाचं आयुष्य त्याहून कमी. दोन, पोचे. मधल्या अंगाला साधा पोचा असेल तर चालतं. कडेच्या शिवणीवर पोचा, गंज, किंवा डबा फुगलेला असेल तर वास घेऊन बघायच्याही भानगडीत पडू नका. सरळ बाजूला टाका. फुगलेल्या डब्यातल्या विषाने माणूस दगावतो.

आता सणाचं. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार थँक्सगिव्हिंग, मग नाताळ. आपल्या दुकानात दिवाळीचे पंधरा दिवस जसे, तसाच हा हंगाम, फक्त इथे गिऱ्हाइकापेक्षा विक्रेते जास्त होतात. शाळेसाठी सेवेच्या तासांची सही हवी असलेली मुलं, एकसारखे टीशर्ट घातलेला ऑफिसातला घोळका, नातवंडांना ‘दाखवायला’ आणणारी आजी-आजोबा मंडळी. एका ऑफिसवाल्यांनी येऊन अर्धा तास खोकी हलवली आणि अर्धा तास फोटो काढले. फोटोत मागे रांगेतली माणसं येत होती. व्यवस्थापक बाईंनी कॅमेऱ्यावर हात ठेवला, एकही शब्द मोठा न करता. त्यासाठी त्यांना वेगळे गुण. एवढ्या गर्दीत तासाभराने मालाला हात लावायला जागा नव्हती, म्हणून मी एकटीच मागच्या खोलीत बसून अंडी तपासत होते. उघडून बघायची, फुटलेलं काढायचं, दुसऱ्या खोक्यातलं घालून डझन पुरं करायचं. आमच्या घरात अंडं शिजत नाही. हातमोजे घालते, काम करते.

टर्कीचंही, म्हणजे थँक्सगिव्हिंगला भाजतात त्या मोठ्या पक्ष्याचंही, तसंच. शॉपराइट नावाच्या सुपरमार्केटात हंगामात ४०० डॉलरची खरेदी झाली की टर्की फुकट मिळते. इथली कितीतरी शाकाहारी घरं ती घेतात आणि पॅन्ट्रीला देतात. मुलगाही देतो. कल्पना छान आहे, पण टर्की म्हणजे गोठलेला दगड. फ्रीजमध्ये दर चार-पाच पौंडांना एक दिवस या मापाने ती वितळते, म्हणजे पंधरा पौंडाची असेल तर तीन-चार दिवस. बुधवारी दान आलेल्या टर्कीचं गुरुवारी घर काय करणार? शिवाय ओव्हन लागतो. आमच्याकडे येणाऱ्यांत मोटेलच्या एका खोलीत राहणारी कुटुंबं आहेत, त्यांच्याकडे मायक्रोवेव्ह आणि हातभर फ्रीज. एकाच खोलीत चौघं भाड्याने राहणारे आहेत, त्यांना स्वयंपाकघर आठवड्यातून ठरल्या वेळीच मिळतं. ही पॅन्ट्री दारातच विचारते, ओव्हन आहे का? नसेल तर शिजवलेल्या चिकनचा डबा किंवा दुकानात खरेदी करता येईल असं कार्ड. ही विचारपूस मी इतर ठिकाणी पाहिलेली नाही, आणि तिच्यासाठी मी माझ्या परीने जास्तीत जास्त तारे देते.

गुण कापते कशासाठी, तेही सांगते. हंगामात आलेल्या दानाला कुणी वेळीच आवर घालत नाही. क्रॅनबेरी सॉस, भोपळ्याचा गर, हिरव्या शेंगा, टर्कीत भरायच्या स्टफिंगचे पुडे यांची भिंत उभी राहते आणि तेल, साखर, मीठ, मसाला यांचा पत्ता नसतो. हॉटेलच्या मापाचे सहा-सहा पौंडांचे डबे येतात. ते उघडल्यावर दोघा म्हाताऱ्यांनी आठवडाभर टोमॅटोच खायचे का? डबे फोडायचं साधन नसलेली घरं आहेत, त्यांच्यासाठी डॉलर-दीड डॉलरचा कॅन ओपनर कुणी आणत नाही. साबण, टूथपेस्ट, टॉयलेट पेपर, बाळाचे डायपर, बायकांचे पॅड यांचं फडताळ पहिल्या तासात रिकामं होतं. सरकार खाण्यासाठी कार्डावर जे पैसे देतं, स्नॅप म्हणतात त्याला, त्यातून यातलं काही घेता येत नाही. गरम तयार जेवणही नाही. आपल्याकडून काही न्यायचं असेल तर हे न्या. पैसे दिलेत तर उत्तम; गोदामाकडून माल घेणाऱ्याला आपल्यापेक्षा स्वस्त मिळतो, घाऊक-किरकोळचा फरक मी तुम्हाला काय सांगणार.

२०२५ च्या नोव्हेंबराची गोष्ट वेगळी होती. १ ऑक्टोबरपासून केंद्र सरकारचं कामकाज बंद पडलेलं, १२ नोव्हेंबरपर्यंत ते तसंच राहिलं, आणि १ नोव्हेंबरला स्नॅपचे पैसे अडकले. देशात तेव्हा सुमारे ४ कोटी २० लाख माणसं त्या कार्डावर होती. शनिवारी रांग तळघराच्या जिन्यावरून वर, पार्किंग ओलांडून फुटपाथवर. रांगेत सरकारी नोकरही होते, बिनपगारी कामावर जाणारे. एकाच्या गळ्यात ओळखपत्र तसंच होतं, काढायचं सुचलं नसावं. त्या दिवशी रंगीत कार्डांचं माप कमी करावं लागलं, चारच्या जागी दोन. असं माप कमी करताना दुकानदाराच्या पोटात जे होतं ते मला चांगलं ठाऊक आहे. ७२ च्या दुष्काळात सासऱ्यांनी ते केलेलं, घरात त्याच्या गोष्टी निघायच्या. तक्रार कुणी केली नाही. एका बाईंनी दोनातला एक पुडा परत ठेवला, मागे अजून पुष्कळ जण आहेत म्हणून.

आपली माणसं येतात का, हे मला हमखास विचारतात. येतात. नोकरी गेलेले, मास्टर्स करणारी पोरं, मुलांकडे पटत नाही म्हणून वेगळे राहणारे आई-वडीलही. माझ्यासारखी साडीतली बाई हातमोजे-टोपी घालून फडताळापाशी उभी दिसली की काही जण दारातूनच वळतात. मराठी ऐकू आलं तर आणखीच. म्हणून मी ठरवलंय, तिथे कुणालाही कुठले तुम्ही, कुणाचे, गाव कोणतं हे विचारायचं नाही. आपल्या लोकांत हे जमणं महाकठीण! पण तूरडाळ त्यांना कुठे ठेवलीय हे नजरेने दाखवते, आणि त्यांची नजर तिकडे जाते.

तूरडाळीवरून आठवलं. ओक ट्री रोडवरून आणलेला डाळीचा कारखान्यातून बंद होऊन आलेला पुडा चालतो, त्यावर इंग्रजीत घटक लिहिलेले हवेत. घरी सुटी करून बांधलेली पुडी चालत नाही. दिवाळीचे लाडू, चकली, घरचं काहीही चालत नाही, कितीही मनापासून केलेलं असलं तरी. एका काकूंनी दोन डबे भरून शंकरपाळे आणले होते. ते आम्ही काम करणाऱ्यांनीच संपवले, चहासोबत. शंकरपाळे उत्तम झाले होते.

जायचं असेल तर हंगामात नाव नोंदवून ठेवा आणि बोलावतील तेव्हा जा, पण हजेरी जानेवारी-फेब्रुवारीची धरा. बर्फ पडलेला असतो, घर गरम ठेवायचं बिल आलेलं असतं, आणि फडताळावर क्रॅनबेरी सॉसच उरलेला असतो. तेव्हा काट्यावर बसायलाही माणूस मिळत नाही. बूट बंद घाला, खोकं पायावर पडतं. जिना उंच आहे आणि लिफ्ट नाही. गुडघ्यांची तक्रार असेल तर तळघरात न उतरता वरचं नोंदणीचं टेबल मागून घ्या, देतात. इंग्रजी तोडकंमोडकं असलं तरी अडत नाही, अर्धी रांग स्पॅनिश बोलते. आणि टर्की देणार असाल तर आदल्या शुक्रवारपर्यंत आणून द्या. बुधवारी आलेली टर्की परत पाठवा असं मी म्हणते. व्यवस्थापक बाई ऐकत नाहीत, आणि फ्रीजरमध्ये जागा करायला मलाच लावतात.