व्हर्च्युअल शाळा: ॲप भारी हाय, पण दहावीचा कागद कुणाचा?

२०२४ ला स्वप्निल कुसाळेनं पॅरिसमधनं ब्राँझ आणलं आणि आमच्या घरात रायफल शूटिंगचं खूळ घुसलं. पोरगी सातवीत, सकाळी रेंज, संध्याकाळी रेंज, त्यात शाळा बसवायची कुठं, म्हणून वर्षभर एका व्हर्च्युअल, म्हणजे घरबसल्या ऑनलाइन चालणाऱ्या शाळेत घातली. नाव घेत नाही, कारण अशा चारपाच शाळावाल्यांशी बोललो, भाषा सगळ्यांची एकच.

शिकवणं चांगलंय. गणिताच्या मॅडम तर लई भारी, रेकॉर्डिंग असतंय त्यामुळं स्पर्धेला गेली तरी धडा चुकत नाही. मराठीचा तास मात्र नुसता स्लाईड वाचून दाखवायचा कार्यक्रम. आणि लिहिणं पार बंद पडलं, सगळं टिक करून सबमिट, अक्षराची वाट लागली, आता रोज रात्री मी एक पान शुद्धलेखन घालतोय. बोर्डाचा पेपर शेवटी तीन तास हातानंच लिहायचा असतोय नव्हं.

आता मुद्द्याचं. कंपनीचा फोनवरचा पोरगा "सीबीएसई पॅटर्न, सीबीएसई पॅटर्न" म्हणत होता. पॅटर्न म्हणजे संलग्नता, म्हणजे बोर्डाची मान्यता न्हवं भावांनो. सीबीएसईच्या संलग्नतेला जागा, इमारत, लॅब असलं सगळं लागतंय. म्हटलं दहावीच्या मार्कशीटवर नाव कुणाचं येणार, तवा जरा थांबून म्हणाला, एनआयओएस.

तर एनआयओएस काय वाईट नाही, उलट चांगलं हाय. केंद्र सरकारचं मुक्त विद्यालय, १९८९ पासनंचं, दहावी-बारावीचं सर्टिफिकेट बाकीच्या बोर्डांसारखंच चालतंय. परीक्षा वर्षातनं दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, म्हणजे खेळणाऱ्या पोरांना सोयीचंच, दहावी मराठी माध्यमातनंबी देता येते. पण दहावीला वय १४ पूर्ण पाहिजे, २० टक्के मार्क असाइनमेंटला असतात, ते वेळेत द्यायचं कुणी बघणार ते विचारा, आणि सायन्स घेतलं तर प्रॅक्टिकलला केंद्रावर जावंच लागतंय. यांचं विभागीय ऑफिस पुण्यात. शिवाय हे सगळं पालकाला स्वतः करता येतंय आणि त्याची फी कंपनीच्या फीपुढं किरकोळ हाय, एनआयओएसनं २०२१ ला स्वतःची व्हर्च्युअल शाळाबी काढलीय. मग कंपनीला पैसे कशाचे, तर शिकवण्याचे. तेवढ्यापुरतं बघा.

आठवीपर्यंतच्या पोरांचं वेगळंच. व्हर्च्युअल शाळेचं प्रगतिपुस्तक म्हणजे नुसता कंपनीचा कागद. शाळेला यू-डायस नंबर (सरकारी नोंदीतला शाळेचा नंबर) हाय का एवढा एकच प्रश्न मारा, बहुतेक ठिकाणी समोरचा गडबडतोय. उद्या परत गल्लीतल्या शाळेत घालायचं झालं तर आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली १४ वर्षांपर्यंत वयानुसार वर्गात घ्यावंच लागतंय, पण जुन्या शाळेचा दाखला आणि सरलचा (राज्य सरकारच्या ऑनलाइन नोंदीतला पोराचा) नंबर नीट जपून ठेवा, क्लार्क पहिलं तेच मागणार. नववीत परत फिरायचं म्हटलं की मग खरी धावपळ.

आणि घरात दिवसा कोणतरी पाहिजे. आमच्यात आजी हाय म्हणून निभावलं, तरी पोरगी कॅमेरा बंद करून रील बघताना घावलीच. दोघं नोकरीला असाल तर पाचवीच्या आतल्या पोराला नकोच. पावसाळ्यात लाईट-नेटचं काय होतंय ते पंचगंगेकाठच्यांना सांगायला नको.

पाचातले तीन स्टार, त्यातले दोन गणिताच्या मॅडमना. आठवीला परत साध्या शाळेत घातलीय, हेडमास्तरांनी रेंजसाठी शेवटचे दोन तास सोडायचं कबूल केलंय.