क्रिएटिव्ह कॉमन्स परवाने: छायाचित्रकाराचा अनेक वर्षांच्या वापरानंतरचा अभिप्राय

कॅमेऱ्याचे बटण दाबले की त्या छायाचित्रावर कॉपीराइट आपोआप निर्माण होतो. त्यासाठी नोंदणी किंवा सूचना लागत नाही, हे तत्त्व बर्न करार या कॉपीराइटविषयक आंतरराष्ट्रीय करारात १९०८ सालच्या सुधारणेने आले. छापील पुस्तकांच्या काळात ते निर्मात्याच्या हिताचे होते. मात्र जिथे चित्र पाहण्यासाठीही त्याची प्रत संगणकात उतरावी लागते, त्या इंटरनेटवर आपली कृती लोकांनी खुशाल वापरावी अशी इच्छा असणाऱ्यालाही कायदा ‘सर्व हक्क राखीव’ याच चौकटीत बसवतो. ही अडचण दूर करण्यासाठी डिसेंबर २००२ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स या ना-नफा संस्थेचे पहिले परवाने आले, ज्यांद्वारे निर्माता आपली कृती ठरावीक अटींवर वापरण्याची परवानगी सर्वांना आधीच देऊन ठेवतो, आणि मी माझी छायाचित्रे अनेक वर्षे त्यांच्याच आधारे प्रसिद्ध करत आलो आहे.

संस्थेची ही सेवा विनामूल्य आहे आणि खाते उघडावे लागत नाही. व्यापारी वापर चालेल का, बदल करू द्यायचे का, बदललेली कृती त्याच अटींवर खुली ठेवावी लागेल का, अशा मोजक्या प्रश्नांच्या उत्तरांवरून सहा परवान्यांपैकी एक निवडता येतो. श्रेय देण्याची अट सहाही परवान्यांत आहे. सर्व हक्क सोडू इच्छिणाऱ्यांसाठी ‘सीसी झीरो’ हे वेगळे साधन आहे. प्रत्येक परवान्याचा सोप्या भाषेतील सारांश, वकिलांसाठीचा पूर्ण मसुदा आणि संगणकाला वाचता येईल अशी खूण, ही तिहेरी रचना मला या सेवेतील सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट वाटते, कारण माझे चित्र घेणारा माणूस बहुधा सारांशच वाचतो.

२०१३ च्या ४.० आवृत्तीत एक समंजस तरतूद आली: अट मोडणाऱ्याने चूक लक्षात आल्यापासून ३० दिवसांत ती सुधारली, तर त्याचा परवाना आपोआप पूर्ववत होतो. एका संकेतस्थळाने माझे चित्र नावाशिवाय छापले होते, तेव्हा मी केवळ या तरतुदीकडे लक्ष वेधणारे पत्र पाठवले आणि भांडणाशिवाय श्रेय मिळाले.

उणिवा मात्र गंभीर आहेत. दिलेला परवाना मागे घेता येत नाही, हे नवख्याने बटण दाबण्यापूर्वी दोनदा वाचावे. ‘अव्यापारी’ या अटीची व्याख्या इतकी सैल आहे की जाहिराती दाखवणाऱ्या शैक्षणिक पानाबाबत खात्रीने उत्तर देता येत नाही. म्हणून मी ती अट घालणे सोडले आणि ‘श्रेय व समान वाटप’ (म्हणजे श्रेय द्यावे आणि बदललेली कृती त्याच अटींवर खुली ठेवावी) हा परवाना स्वीकारला. शिवाय कायद्याने जिथे परवानगीची गरजच ठेवलेली नाही, तिथे परवान्याच्या अटी लागू होत नाहीत. त्यामुळे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी माझी चित्रे कोणी वापरली, तर मला श्रेय मागता येईल की नाही, हे त्या त्या देशाचा कायदा ठरवतो.

आणि ज्या जुन्या छायाचित्रांचे निर्माते किंवा वारस सापडत नाहीत, त्यांच्यासाठी या सेवेकडे काहीच उपाय नाही, कारण परवाना देण्याचा अधिकार हक्कधारकाचाच असतो. प्रामाणिक शोध घेऊनही मालक न सापडल्यास अशी कृती ऑनलाइन ठेवण्याची मुभा कायद्यानेच द्यायला हवी. युरोपीय संघाने २०१२ च्या निर्देशाने ग्रंथालये व संग्रहालयांसारख्या संस्थांना अशी वाट काही प्रमाणात मोकळी केली, पण स्वतंत्रपणे उभी राहणारी छायाचित्रे त्यातून वगळली.