निळ्या होस्टाच्या नावाखाली गेलेले २९१ डॉलर ४० सेंट

न्यू जर्सीतील आमच्या घरामागे ओकच्या दोन जुन्या झाडांखाली गवतसुद्धा धड येत नाही, म्हणून तेथे मोठ्या निळ्या पानांचे होस्टा (सावलीत वाढणारी, पानांच्या शोभेसाठी लावायची रोपे) लावायचे माझ्या फार दिवसांपासून मनात होते. मार्चमध्ये ऑनलाइन जाहिरात दिसली: 'एलेगन्स' जातीचे १४ गड्डे, प्रत्येकी १८ डॉलर ५० सेंट. जवळच्या नर्सरीत एका कुंडीला ४० डॉलर पडतात. आपली नर्सरी बंद करीत असल्याचे सांगून जाहिरातीतल्या विक्रेत्याने कार्डाऐवजी थेट खात्यात पैसे मागितले आणि टपालखर्चासह २९१ डॉलर ४० सेंट मी पाठवले.

येथेच सावध व्हायला हवे होते, हे मान्य. पण मला आजही झोपू देत नाही तो जाहिरातीतला फोटो. रणरणत्या उन्हात निळीशार पाने आणि त्यांच्या हातभर वर गडद जांभळी फुले! शेजारच्या आजींच्या अंगणातला 'एलेगन्स' मी सहा वर्षे पाहते आहे. त्याची फुले पांढुरकी असतात आणि पानांच्या जेमतेम वर येतात. त्याच्या पानावरून मी स्वतः अंगठा फिरवला आहे. निळाई पुसली जाऊन खाली हिरवी रेघ उमटते, कारण तो रंग म्हणजे मेणाचा थर असतो, आणि ऊन-पावसाने तो ऑगस्टपर्यंत बराचसा उतरतो. हे सगळे ठाऊक असताना पैसे पाठवण्यापूर्वी मी तो फोटो दोनदा मोठा करून पाहिला आणि फक्त रंग पाहिला. फुलेही पाहत जा.

मेमध्ये अरुंद, पातळ, हिरवी पाने आली. "पहिल्या वर्षी अशीच येतात, धीर धरा," असे विक्रेत्याने कळवले. मोठ्या होस्टांना पूर्ण वाढीला पाच-सहा वर्षे लागतात, त्यामुळे मी विश्वास ठेवला, यात माझे काय चुकले? तेवढ्यात तक्रारीची ३० दिवसांची मुदत मात्र टळली. विक्रेता थांबायला सांगेल, तेव्हा आधी तक्रार नोंदवा आणि मग थांबा.

जूनमध्ये दोन रोपांच्या शिरांलगत ओल्या कागदावर शाई फुटावी तसे गडद डाग दिसले. होस्टा व्हायरस एक्स, म्हणजे होस्टांना जडणारा विषाणू! त्यावर औषध नाही आणि तो रसातून, अवजारांवाटे पसरतो. मी चौदाही रोपे उपटून कचऱ्यात टाकली.

बँक म्हणाली, व्यवहार तुम्हीच मंजूर केला होता. पोलिसांनी चाळीस मिनिटे बसवून ठेवून ही दिवाणी बाब असल्याचे सांगितले. ज्या संकेतस्थळाने जाहिरात दाखवून पैसे कमावले, ते मुदतीकडे बोट दाखवते. रोगट रोपे दुसऱ्या राज्यातून आल्याचे शेती खात्याला कळवले, तर तीन आठवड्यांनी उत्तर आले की नमुना नसल्याने काही करता येणार नाही. नमुना ठेवा, हे पहिल्याच फोनवर सांगता आले नसते का? रोप उपटण्याआधी एक पान पिशवीत घालून ठेवा, पावत्या आणि संदेश जपा.

पैशांपेक्षा मोठा घोर वेगळाच आहे. ही रोपे ज्या फावड्याने लावली, त्याच फावड्याने मी मेमध्ये माझ्या जुन्या 'हॅल्सिऑन' जातीच्या होस्टाचे चार भाग केले होते, आणि या विषाणूची लक्षणे दिसायला कधीकधी काही वर्षे जातात.