मशीनचं मॅन्युअल की सॉफ्टवेअरचं हेल्प? बडोद्यातल्या टेक्निकल रायटरसाठी

मकरपुऱ्यात जाऊन मशीनची मॅन्युअलं लिहायची, की अलकापुरीतल्या एसी ऑफिसात बसून सॉफ्टवेअरचं हेल्प, म्हणजे ते कसं वापरायचं याची माहिती? बडोद्यात राहून या धंद्यात पडलेल्याला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. मी आधी चार वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली, आता सहा वर्षं हायड्रॉलिक प्रेसवर लिहितोय. म्हणजे दोन कंपन्यांचा अनुभव, एवढं लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

पगारात सॉफ्टवेअर पुढे, हे लपवण्यात अर्थ नाही. घरून काम करता येतं. मार्कडाउन (साध्या खुणांनी मजकूर मांडायची पद्धत) आणि गिट (फायलींतले बदल नोंदवणारं साधन) यांवर हात बसला की पुण्या-बंगळुरूलाही विचारणा होते. मशीनवाल्याच्या शर्टाला तेलाचा वास येतो आणि मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली उभं राहून नट मोजावे लागतात.

मग मी सॉफ्टवेअर सोडलं कशासाठी? हसाल, पण स्क्रीनशॉटसाठी.

दर दोन आठवड्यांनी गुरुवारी रिलीज, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बाहेर. दुपारी चारला कळायचं, की ‘सेव्ह’चं बटण डावीकडून उजवीकडे गेलंय. डिझाइनवाल्याची पाच मिनिटं, माझी साठ चित्रं. प्रत्येक चित्र नव्याने काढा, कापा, त्यातलं ग्राहकाचं नाव पुसा, बाण परत लावा. एकदा तर बटण पुढच्या रिलीजला मूळ जागी परत आलं! आणि गुरुवारीच संध्याकाळी दांडिया बाजारात माझा पेटीचा क्लास. मौलाबक्षांनी १८८६ साली जिथे गायनशाळा काढली त्या गावात राहून मला वर्षभरात भूपही धड बसला नाही. गुरुजींनी शेवटी विचारलं, “तुमच्या कंपनीला दुसरा वार नाही का?” शेजारच्या टीममध्ये चित्रं आपोआप काढणारी स्क्रिप्ट होती म्हणे, तेव्हा सगळीकडे असंच असेल असं नाही. आमच्याकडे मात्र ती स्क्रिप्ट मीच होतो.

प्रेसच्या आकृतीत सात नंबरचा व्हॉल्व्ह सहा वर्षं सात नंबरचाच आहे. सुख सुख म्हणतात ते हेच असावं.

मशीनच्या लिखाणात धास्ती असते, हेही खरं. सुरुवातीला मी लिहिलं होतं : मेन स्विच बंद करा, मग होज (तेलाची नळी) सोडवा. जुने ऑपरेटर काका बाजूला उभे होते. म्हणाले, “भाऊ, स्विच बंद केला म्हणजे झालं नाही. अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये, त्या तेल साठवायच्या टाकीत, प्रेशर बसलेलं असतं, तोंडावर तेल येईल.” प्रेशर सोडायची पायरी मध्ये घातली, इशारा तिच्याही आधी नेला. सॉफ्टवेअरमध्ये माझी चूक झाली तर फार तर तक्रार यायची. इथे लिहिताना आजही ते काका डोळ्यांपुढे असतात, आणि खरं सांगायचं तर वाक्य त्यामुळेच नीट होतं.

आणखी एक फायदा आत गेल्यावरच कळला. युरोपला मशीन पाठवायचं तर मॅन्युअल त्या देशाच्या भाषेत द्यावं लागतं, युरोपीय संघाच्या २००६/४२ क्रमांकाच्या मशिनरी डायरेक्टिव्हमध्येच (मशीनच्या सुरक्षेच्या नियमात) तसं आहे. भाषांतराचं बिल शब्दांवर येतं. त्यामुळे ‘हा परिच्छेद उडवू या’ म्हटलं की साहेब खूश! सॉफ्टवेअरमध्ये हेच सुचवलं तर ‘कंटेंट कमी दिसतो’ असं ऐकायला मिळायचं. २० जानेवारी २०२७ पासून त्या डायरेक्टिव्हच्या जागी नवं रेग्युलेशन येतंय, त्यात डिजिटल मॅन्युअलही चालेल. छापखान्याच्या फेऱ्या कमी होतील, लिखाण तेवढंच राहील.

इथेही रडगाणं आहेच. शनिवारी कंटेनर निघायचा असतो आणि शुक्रवारी ड्रॉइंगवाला सांगतो, ब्रॅकेट बदललाय. पण ते वर्षातून चार-पाच वेळा. बाकी दिवस सहाला सुट्टी, वाटेत सेव-उसळ, साडेसातला पेटी. आता यमनपर्यंत आलोय.

पंचविशीत असाल, गाव सोडायची तयारी असेल, तर सॉफ्टवेअर घ्या, मी अडवणार नाही. फक्त मुलाखतीत पगाराच्या आधी एवढं विचारा : “स्क्रीनशॉट कोण काढतं, आणि रिलीज कोणत्या वारी असतो?”