पोर्टेबल ऑडिओ इंटरफेस: सॅम्पल रेट, क्लॉक आणि काही महिन्यांचा वापर

ऑडिओ इंटरफेस म्हणजे माइकचा आवाज डिजिटल करून संगणकात पोचवणारं यंत्र. इथे दोन माइक प्रीअँप (माइकचा क्षीण सिग्नल वाढवणारे), मागे एक ऑप्टिकल (प्रकाशाच्या केबलवरून डिजिटल आवाज घेणारं) इनपुट, वीज आणि डेटा एकाच यूएसबी केबलवर. अशा इंटरफेसच्या आवाजाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण तो चांगलाच आहे. रेकॉर्डिंग बिघडतं ते क्लॉकच्या (आवाजाचं प्रत्येक मोजमाप नेमकं कधी घ्यायचं ते ठरवणाऱ्या ठोक्याच्या) सेटिंगमुळे, आणि मॅन्युअलने नेमकं तेच अर्ध्या पानात उरकलंय.

आधी सॅम्पल रेट, म्हणजे आवाजाची सेकंदाला किती मोजमापं (सॅम्पल) घेतली जातात ते. खोक्यावर १९२ किलोहर्ट्झ ठळक छापलेलं असलं तरी रोजच्या कामाला ४८ पुरतो. त्यात जवळजवळ २४ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज बसतो आणि माणसाचा कान २० च्या पुढे जात नाही. व्हिडिओसाठी ४८च, फक्त सीडी काढायची असेल तर ४४.१. आवाज नंतर बराच संथ करून वापरायचा असेल तेव्हा ९६ कामाचा. एरवी तो फक्त जागा खातो. २४ बिट, ४८ वर एक ट्रॅक तासाला साधारण ५२० एमबी घेतो, ९६ वर दुप्पट. आठ ट्रॅक एकाच वेव्ह फाइलमध्ये घेतले तर ४८ वरसुद्धा साधारण तासाभरात त्या फाइलची ४ जीबीची मर्यादा गाठली जाते.

‘लेटन्सी (माइकपासून हेडफोनपर्यंत आवाजाला लागणारा उशीर) कमी हवी तर ९६ घ्या’ हा सल्ला सर्रास मिळतो. १२८ सॅम्पलचा बफर (एका वेळी साठवून पुढे पाठवायचा तुकडा) ४८ वर २.७ मिलिसेकंदांचा आणि ९६ वर १.३ चा, हे खरं. पण ४८ वरच बफर ६४ केला तरी तेच १.३ मिळतात आणि डिस्कवरचा भार वाढत नाही.

रेट तीन ठिकाणी जुळवावा लागतो: इंटरफेसचं कंट्रोल पॅनेल, रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरचा प्रोजेक्ट आणि ऑपरेटिंग सिस्टिम. विंडोजवर साउंड सेटिंगमधला डिफॉल्ट फॉरमॅट, मॅकवर ऑडिओ मिडी सेटअप. ४८ ची फाइल ४४.१ समजून वाजली की तासाचं रेकॉर्डिंग ६५ मिनिटं १८ सेकंदांचं होतं आणि सूर जवळपास दीड अर्धस्वर उतरतो. काळी एकमधलं गाणं पांढरी एकच्याही खाली जातं आणि कुठल्याच पट्टीत धड बसत नाही. असा बेसूरपणा ऐकू आला की गायकाला टोकण्याआधी प्रोजेक्टचा रेट बघावा.

खरा प्रश्न ऑप्टिकलवर आठ चॅनेलचा बाहेरचा प्रीअँप जोडल्यावर सुरू होतो. दोन्ही यंत्रांवर ४८ दिसत असलं तरी दोघांचे क्रिस्टल (क्लॉकचा ठोका देणारे) वेगळे. त्यांच्यात दहा लाखांत दहा भाग इतकाच फरक धरला, तरी सेकंदाला ०.४८ सॅम्पलची तफावत पडते. म्हणजे साधारण दर दोन सेकंदांनी एक सॅम्पल गळतो किंवा दोनदा वाचला जातो, आणि तिथे ‘टिक’ ऐकू येते. ढोलकीच्या गदारोळात ती लपते, तानपुऱ्यावर किंवा बासरीच्या लांब स्वरावर उघडी पडते. टिक ठरावीक अंतराने येत असेल तर संशय क्लॉकवर. वेडीवाकडी येत असेल तर बफर, यूएसबी किंवा प्रोसेसर तपासावा. हे न ओळखता बफर वाढवत बसण्यात तासन्‌तास जातात.

उपाय असा. मास्टर, म्हणजे क्लॉक देणारं यंत्र, एकच. ऑप्टिकल केबल फक्त प्रीअँपकडून इंटरफेसकडे येत असेल, तर प्रीअँप इंटर्नल क्लॉकवर ठेवायचा आणि इंटरफेसचा क्लॉक सोर्स ‘ऑप्टिकल’ करायचा. रेट बदलायचा तो आधी प्रीअँपवर, कारण इंटरफेस आता दुसऱ्याच्या तालावर चालतोय. चालू करतानाही आधी प्रीअँप, मग इंटरफेस, मग सॉफ्टवेअर. प्रीअँप मध्येच बंद पडला तर हा इंटरफेस गुपचूप इंटर्नलवर जातो, कुठलाही इशारा देत नाही. ते वागणं मला अजिबात पटलेलं नाही. त्यामुळे टेक घेण्याआधी पॅनेलमधलं ‘लॉक’ (इंटरफेस बाहेरच्या क्लॉकशी जुळल्याची खूण) बघायची सवय लावावी लागते.

ऑप्टिकलवर ४८ पर्यंत आठ चॅनेल मिळतात, ९६ वर चार आणि १९२ वर दोन. ९६ आणि १९२ साठी एसमक्स (जास्त रेटचा एक चॅनेल अनेक चॅनेलच्या जागेत वाटून पाठवण्याची पद्धत) दोन्ही यंत्रांवर चालू हवं. त्याच भोकातून स्टिरिओ एसपीडिफही (दोन चॅनेलचा डिजिटल आवाज) येतो, तेव्हा पोर्टचा मोड तपासावा. केबल तीच असते, पण मोड चुकला की आवाज मिळत नाही. कोअ‍ॅक्सिअल एसपीडिफला ७५ ओहमची केबल लागते. साध्या आरसीए केबलवर काम चालल्यासारखं वाटतं आणि अधूनमधून लॉक तुटतो.

मॅकवर दोन इंटरफेस एकत्र करायचे तर अ‍ॅग्रिगेट डिव्हाइसमध्ये एकाला क्लॉक सोर्स करून दुसऱ्यावरच ड्रिफ्ट करेक्शन (क्लॉकमधली तफावत सॉफ्टवेअरने भरून काढणं) लावायचं. मीटिंगला ठीक, पण डिजिटल जोडणी शक्य असेल तिथे पहिली पसंती तिलाच.

साध्या कॅमेऱ्याशी क्लॉक जुळवता येत नाही. वरचाच फरक धरला तर तासाला ३६ मिलिसेकंद सरकतात, म्हणजे २५ फ्रेमच्या व्हिडिओत जवळपास एक फ्रेम. सुरुवातीला आणि शेवटी अशी दोनदा टाळी वाजवावी, म्हणजे नंतर ऑडिओ नेमका किती ताणायचा ते कळतं.

स्वतःचा वीजपुरवठा नसलेल्या यूएसबी हबवर दोन कंडेन्सर माइकचा ४८ व्होल्ट फँटम (माइकला त्याच्याच केबलमधून मिळणारी वीज) चालू केला, तर इंटरफेस तुटून परत जोडला जाऊ शकतो. तसं झालं की रेट आणि क्लॉक सोर्स दोन्ही नव्याने तपासूनच पुढचा टेक घ्यावा.