पनामा कालव्यातून शिडाची बोट: सेवा चोख, पण दोर तुमचे तुम्ही सांभाळायचे

65 फुटांच्या आतल्या यॉटला कालवा प्राधिकरण सहसा पायलट (जहाजाचा ताबा घेऊन ते पार नेणारा वाटाड्या) देत नाही, सल्लागार देतं. सुकाणू मालकाकडेच राहतं आणि दोरांवर चार धडधाकट माणसं लागतात. नवरा-बायको दोघंच असाल, तर आणखी तिघं शोधावी लागतात. पैसे देऊन अनुभवी स्थानिक माणसं घ्यावीत, निदान एक तरी.

कालव्याच्या अटलांटिककडच्या टोकाला, कोलोन बंदरात, प्राधिकरणाचा माणूस बोट मोजतो, फॉर्म भरून घेतो, मग पैसे आणि शेवटी तारीख. लॉकमध्ये, म्हणजे पाणी भरून-सोडून बोट वर-खाली नेणाऱ्या बंद हौदात, बोट कशी बांधलेली चालेल, हे फॉर्मवर विचारतात: मधोमध (चार दोर दोन्ही भिंतींकडे), टगच्या (जहाजं ओढणाऱ्या बोटीच्या) कडेला, दुसऱ्या यॉटला जोडून, की भिंतीला. भिंतीला साफ नाही म्हणा. ती खडबडीत काँक्रीटची आहे. पाणी आत घुसताना बोट डोलते आणि मास्टवरचे (डोलकाठीवरचे) स्प्रेडर, म्हणजे आडव्या दांड्या, भिंतीवर आपटतात. मधोमध सर्वांत उत्तम.

खरी परीक्षा दोरांची. प्रत्येकी 125 फूट लांब, 22 मिलिमीटर जाड, असे चार अखंड दोर हवेत. जोडलेला दोर नको, गाठ क्लीटवर (डेकवरच्या दोर बांधायच्या खुंटीवर) अडकते. अटलांटिककडच्या गतून लॉकच्या तीन पायऱ्या बोटीला 26 मीटर वर नेतात. 33.5 मीटर रुंद हौदात पाणी उसळतं, तेव्हा प्रत्येक दोराचा ढिलेपणा त्या क्षणी ओढून घ्यावा लागतो. एक कोपरा ढिला पडला की बोट आडवी फिरते. चढताना मोठं जहाज सहसा पुढे असतं. त्याचा पंखा फिरला की लोंढा थेट तुमच्यावर येतो, म्हणून सल्लागार सांगेपर्यंत दोर सोडू नका.

पॅसिफिककडच्या पेद्रो मिगेल आणि मिराफ्लोरेस या लॉकमध्ये उतरताना काम सोपं वाटतं, तिथेच माणसं गाफील राहतात. दोर सतत सोडत राहायचा असतो. क्लीटवर आवळला गेला, तर पाणी खाली जातं आणि बोटीचा भार त्या दोरावर येतो. कमकुवत बसवलेलं क्लीट डेकसकट उपटू शकतं, म्हणून आधी खालचे बोल्ट आणि बॅकिंग प्लेट (डेकखालची आधाराची पट्टी) तपासा. भिंतीवरून फेकलेल्या बारीक दोरीच्या टोकाला जड गाठ असते, तेव्हा सोलर पॅनलवर गाद्या टाका.

एजंटचे पैसे आम्हाला वाजवी वाटतात. अनामत रकमेची हमी तोच देतो, दोर आणि फेंडरही (बोटीच्या कडेला धक्का झेलणाऱ्या गाद्या) भाड्याने मिळवून देतो. स्वतः केलं तर पैसे वाचतात, पण अनामत परत मिळेपर्यंत अडकून पडते. सल्लागाराला गरम जेवण, सीलबंद पाणी, सावली आणि स्वच्छ शौचालय द्यावंच लागतं.

रात्र बहुधा गतून तलावात बॉयाला (नांगरलेल्या तरंगत्या पिंपाला) बांधून जाते. मगरी आहेत, पोहायला बंदी आहे. दुसऱ्या दिवशी पेद्रो मिगेलपर्यंत साधारण 28 सागरी मैल इंजिनावर जायचं असतं. वेग किमान 5 नॉट हवा. त्याहून मंद चाललात तर लॉकची वेळ चुकते, आणि जादा दिवसाचा खर्च मालकाच्या माथी येतो. डिझेल फिल्टर आणि इंपेलर (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपातलं चाक) कोलोनलाच बदलून घ्या.